दार उघडं, किल्ली दुसऱ्याच्या खिशात: अमेरिकेत नवे अप्रेझर घडायला एवढे का अडखळतात?

अमेरिकेत कुणी ४ लाख डॉलरला घर घ्यायचं ठरवलं, विकणारा राजी झाला, सौदा कागदावर आला, तरी एक माणूस अजून बोललेला नसतो. तो घेणाऱ्याचा नसतो, विकणाऱ्याचा नसतो, दलालाचा तर नसतोच. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वतीने तो येतो. मोजमापाची फीत आणि कॅमेरा घेऊन घरभर फिरतो, बाहेरून चक्कर मारतो आणि काही दिवसांनी एक आकडा लिहून देतो: ३ लाख ८० हजार. सौद्याची किंमत आणि हा आकडा यांतला जो कमी, तो धरून बँक कर्ज देते. मग फरकाची सोय घेणाऱ्याने स्वतः करायची, नाहीतर विकणाऱ्याने खाली उतरायचं, नाहीतर सौदा मोडायचा.

हा माणूस म्हणजे अप्रेझर, मालमत्तेचा मूल्यांकनकार. गेली बरीच वर्षं या व्यवसायात एकच तक्रार ऐकू येते: जुने लोक निवृत्तीला आले आणि नवे येत नाहीत. यातलं दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे. येऊ पाहणारे पुष्कळ आहेत. वर्ग पुरे करतात, शुल्क भरतात आणि मग दारात ताटकळत बसतात. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी दार कुणी आणि का बसवलं ते पाहावं लागतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या 'सेव्हिंग्ज अँड लोन' संस्था, म्हणजे लोकांच्या ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या संस्था, शेकड्यांनी बुडाल्या. कारणं अनेक होती, त्यातलं एक म्हणजे फुगवलेली मूल्यांकनं. कर्ज द्यायचं आधी ठरवायचं आणि त्याला शोभेल असा आकडा नंतर लिहून घ्यायचा, असा प्रकार. तोवर बहुतेक राज्यांत मूल्यांकनाला परवानाच लागत नसे. १९८९ मध्ये संसदेने 'फिर्रिया' नावाचा कायदा केला आणि बँकांच्या कर्जांसाठी मूल्यांकन करणाऱ्याला राज्याचा परवाना लागू लागला. पात्रतेच्या किमान अटी 'अप्रेझल फाउंडेशन' या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं एक मंडळ ठरवतं. राज्यं त्या पाळतात, हवं तर आणखी कडक करतात.

या अटींची शिडी अशी आहे. तळाला 'ट्रेनी', म्हणजे उमेदवार. त्याने मूळ वर्ग करायचे: ३० तास तत्त्वं, ३० तास कार्यपद्धती आणि १५ तास 'युस्पॅप', म्हणजे व्यवसायाची नियमावली. त्याच्या वर 'लायसन्स्ड रेसिडेन्शियल'. तिथे पोचायला १,००० तासांचा अनुभव लागतो आणि तो ६ महिन्यांच्या आत उरकलेला चालत नाही. मग 'सर्टिफाइड रेसिडेन्शियल': १,५०० तास, किमान १२ महिने. टोकाला 'सर्टिफाइड जनरल', ज्याला कचेऱ्या, गोदामं, मॉल काहीही तोलायची मुभा असते: ३,००० तास, किमान १८ महिने, त्यातले १,५०० तास बिगर-निवासी मालमत्तेचे. वर्गांचे तास आणि परीक्षा वेगळ्या. २०१८ पूर्वी घरांच्या दोन पायऱ्यांना २,००० आणि २,५०० तास लागत. ते कमी केले, तेव्हा वाटलं होतं की आता रांग हलेल.

रांग फारशी हलली नाही, कारण अडचण तासांच्या संख्येत नव्हती. हे तास एकट्याने भरता येत नाहीत. किमान ३ वर्षं सर्टिफाइड असलेला आणि अलीकडे शिस्तभंगाची कारवाई न झालेला अप्रेझर 'सुपरवायझर' म्हणून लागतो. त्याने हाताखाली घेतलं, सोबत नेलं आणि तासांच्या वहीतल्या नोंदींवर सही केली, तरच तास मोजले जातात. एका सुपरवायझरला साधारणपणे तीनच उमेदवार ठेवता येतात. पण तीन कशाला, एक घ्यायलाही बहुतेक जण तयार नसतात.

त्यांना आपमतलबी म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा हिशेब एकदा मांडून पाहा. हा धंदा मुख्यतः एकांड्या शिलेदारांचा. घरातल्याच एका खोलीत कचेरी, स्वतःच गाडी चालवायची, स्वतःच अहवाल लिहायचा. मोबदला अहवालामागे ठरलेला. उमेदवार सोबत आला म्हणून तो वाढत नाही. वेळ मात्र वाढतो: घर पाहताना थांबून समजावायचं, परत आल्यावर कच्चा अहवाल ओळीनओळ तपासायचा. 'सही करणाऱ्याने जातीने घर पाहिलं पाहिजे' अशी अट अनेक कर्जदाते कामाच्या पत्रातच घालतात. म्हणजे उमेदवार तयार झाल्यावरही त्याला एकट्याला पाठवून स्वतःचा फेरा वाचवता येत नाही. चूक कुणाचीही असो, जबाबदारी सुपरवायझरची, परवानाही त्याचाच धोक्यात. एवढं करून शिष्य तयार झाला की तो त्याच गावात स्वतःची पाटी लावतो. आपला प्रतिस्पर्धी आपल्याच हाताने, आपल्याच खर्चाने घडवायचा, असा हा सौदा आहे.

त्यामुळे हा धंदा बराचसा घराण्यात फिरत राहिला. ज्याचे वडील किंवा मावशी अप्रेझर, त्याला गाडीत जागा मिळते. बाकीचे अनोळखी माणसांना फोन करत बसतात.

पूर्वी असं नव्हतं. बँकांचे स्वतःचे मूल्यांकन विभाग असत. नव्या पोराला पगार मिळे, वरिष्ठाचं उत्पन्न त्याच्यामुळे घटत नसे, आणि शिकलेला माणूस बँकेतच राही. शिकवण्याचा खर्च संस्थेच्या पोटात जिरून जाई. पुढे बँकांनी हे काम बाहेर दिलं आणि तो खर्च एकट्यादुकट्या माणसाच्या अंगावर आला. २००८ च्या पडझडीनंतर आणखी एक गाठ बसली. कर्ज विकणाऱ्या अधिकाऱ्यानेच मर्जीतला अप्रेझर निवडू नये म्हणून २००९ मध्ये आचारसंहिता आली, २०१० मध्ये वित्तसंस्थांना लगाम घालणारा डॉड-फ्रँक कायदा आला. हेतू योग्यच होता. पण त्यातून बँक आणि अप्रेझर यांच्यामध्ये मूल्यांकनाची कामं वाटून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या फोफावल्या आणि त्यांचाही वाटा अनेकदा त्याच शुल्कातून निघू लागला. शिष्य पोसायला जे चार पैसे सुटत, ते आटले.

हातात हात घेऊन शिकवावं असं या कामात आहे तरी काय?

पहिला धडा फितीचा. घराचं क्षेत्रफळ मोजणं यात काय शिकायचं, असं वाटतं. पण डोंगरउतारावरचं घर घ्या: मागच्या बाजूने सरळ अंगणात उघडणारी, खिडक्या असलेली सुरेख खालची खोली, पुढच्या बाजूने मात्र जमिनीत गेलेली. मोजमापाच्या मानकानुसार कोणताही मजला अंशतः जरी जमिनीखाली असला तरी तो 'जमिनीवरच्या' क्षेत्रफळात धरत नाहीत. त्याचा हिशेब वेगळा. उतरत्या छताच्या माळ्यावर ५ फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग मोजायचाच नाही, आणि उरलेल्यातल्या निम्म्या भागात तरी ७ फूट उंची हवी. उमेदवार हे पुस्तकात वाचतो आणि पहिल्याच तिरक्या छताखाली फीत धरून गोंधळतो.

दुसरा धडा तुलनेचा, आणि खरी विद्या इथेच आहे. घराची किंमत तीन वाटांनी काढता येते: तसंच घर आज बांधायला काय लागेल, ते भाड्याने किती कमवेल, आणि त्याच्यासारखी घरं नुकतीच कितीला विकली गेली. राहत्या घरांसाठी तिसरी वाट मुख्य. अप्रेझर जवळपासची, अलीकडे विकली गेलेली तीन-चार घरं निवडतो. त्यांना धंद्यात 'कॉम्प' म्हणतात. मग फरकांचा हिशेब करतो. समजा, आपल्या घरात एक बाथरूम आहे आणि ४ लाख १० हजारांना विकल्या गेलेल्या कॉम्पमध्ये दोन. नवा माणूस हमखास आपल्याच घराच्या आकड्याला हात घालतो. पण आपल्या घराची किंमत तर अजून माहीतच नाही, तिच्यात फेरफार करणार कसा? बदल नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायचा: ते सरस असेल तर वजा, उणं असेल तर अधिक. जादा बाथरूमचे ८ हजार धरले, तर हा कॉम्प सांगतो की आपलं घर ४ लाख २ हजारांच्या आसपास आहे.

हे ८ हजार आले कुठून? उमेदवार म्हणतो, बाथरूम बांधायला २५ हजार लागतात, २५ वजा करू. पण बांधायला काय लागलं हे बाजार विचारत नाही. त्या वस्तीतल्या घेणाऱ्यांनी जादा बाथरूमसाठी प्रत्यक्षात किती जास्त मोजले, हा प्रश्न आहे. बाकी सगळं सारखं आणि फक्त बाथरूमचा फरक अशी दोन विकली गेलेली घरं सापडली तर उत्तर सरळ मिळतं. तशी जोडी सहसा सापडत नाही. मग बऱ्याच सौद्यांकडे एकत्र पाहून, त्या बाजाराची नाडी ओळखून आकडा ठरवावा लागतो आणि तो का धरला हे लिहून समर्थन करावं लागतं.

त्याहून अवघड म्हणजे कोणता कॉम्प टाकून द्यायचा हे कळणं. बाजूचं घर स्वस्तात गेलेलं दिसतं, पण ते बापाने मुलीला विकलेलं असतं. म्हणजे तो खुल्या बाजारातला सौदा नव्हेच. समोरचं महाग गेलं, पण घेणाऱ्याचा कागदपत्रांचा खर्च विकणाऱ्याने भरला होता. म्हणजे किंमत तेवढी फुगलेली. ही माहिती नोंदींत सापडेलच असं नाही. दलालाला फोन करून खोदून विचारावं लागतं. फोन करायला संकोचणारा उमेदवार हुशार असूनही या धंद्यात मागे पडतो, हे वर्गात कुणी सांगत नाही.

आता सुपरवायझर हे शिकवतो कसं? घाईत असलेला सुपरवायझर कॉम्प स्वतः निवडतो आणि उमेदवाराला म्हणतो, 'हे भर.' उमेदवार फोटो लावतो, चौकोन भरतो, नकाशा काढतो. वहीत तास चढतात. हजार तासांनंतर परवाना हातात येतो, पण तयार झालेला असतो अर्ज भरणारा कारकून. एकाच वसाहतीतली, एकाच बिल्डरची घरं पाहण्यात ५०० तास घालवले, तर शिकण्यासारखं पहिल्या ४० तासांतच संपलेलं असतं. तास हे माप असंच भोंगळ आहे. माझ्या मते त्यापेक्षा एक साधी सवय कितीतरी मोलाची: सुपरवायझरची निवड पाहण्याआधी उमेदवाराने स्वतःचे तीन कॉम्प निवडून, प्रत्येकाचं कारण लिहून ठेवायचं. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि पुढच्या घराकडे जाताना गाडीत त्यावर भांडायचं. 'हा का नाही घेतलास?' या प्रश्नाला उत्तर देता देता निर्णयशक्ती येते.

याच कोंडीवर काढलेला तोडगा म्हणजे 'पॅरेया'. नियम २०२१ पासून लागू झाले, पहिला अभ्यासक्रम २०२३ मध्ये मंजूर झाला. कल्पना अशी की वैमानिक जसे आधी सिम्युलेटरवर शिकतात, तसं अप्रेझरने संगणकावर उभ्या केलेल्या घरांत फिरायचं, दोष शोधायचे, माहितीसाठ्यातून कॉम्प निवडायचे, अहवाल लिहायचे. अनुभवी मार्गदर्शक ते तपासतात, नापसंत पडले तर परत पाठवतात. हे पुरं केलं की लायसन्स्ड आणि सर्टिफाइड रेसिडेन्शियल पायऱ्यांसाठी लागणारा सगळा अनुभव भरला, असं धरता येतं. सुपरवायझरच्या दारात उभं राहावं लागत नाही. राज्याने मात्र ही वाट मान्य केलेली हवी.

जुन्या मंडळींचा यावर आक्षेप आहे, आणि तो निव्वळ मत्सर नाही. तळघरातला ओलीचा वास पडद्यावर येत नाही. पायाला गेलेली भेग घर बसतानाची किरकोळ आहे की विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी वर चढत गेलेली गंभीर आहे, हे फोटोत दिसतं, पण 'इथे बघायला हवं' हे सुचणं वेगळं. हा आक्षेप मला पटतो, तरी त्यातून जुनी उमेदवारीच उत्तम होती असा निष्कर्ष निघत नाही. पॅरेयात प्रत्येकाला ठरवून वेगवेगळी, गुंतागुंतीची प्रकरणं मिळतात. जुन्या पद्धतीत गुरूकडे त्या वर्षी जे काम आलं, तेच शिष्याचं शिक्षण.

शिवाय गुरूकडून फक्त विद्या येत नाही, त्याचे पूर्वग्रहही येतात. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या. सरकारी कर्जहमीच्या नियमपुस्तकातही वस्तीतली माणसं कोणत्या वंशाची हा जोखमीचा मुद्दा होता. हेच व्यवसायाच्या पाठ्यपुस्तकांतही उतरलं. १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, तरी शिकवणं लगेच बदललं नाही. १९७६ मध्ये खुद्द न्याय खात्याला मूल्यांकनकारांच्या संघटनेवर खटला भरावा लागला. आक्षेप अभ्यासक्रमातल्याच मजकुरावर होता. १९७७ मध्ये तडजोड झाली आणि संघटनेने तो मजकूर बदलायचं कबूल केलं. म्हणजे त्याआधी शिकलेले लोक चुकीचं शिकून बसले होते, आणि तेच पुढच्यांचे गुरू झाले.

आज या व्यवसायात ९० टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत. दार ओळखीने उघडत असेल तर दुसरं काय होणार? कृष्णवर्णीय कुटुंबाने भिंतीवरचे आपले फोटो काढून, गोऱ्या मित्राला घरमालक म्हणून उभं केल्यावर त्याच घराचं मूल्यांकन वाढून आल्याच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासाठी 'पेव्ह' नावाचा कृतिगट नेमला. मार्च २०२२ च्या त्याच्या आराखड्यात कायद्याच्या अंमलबजावणीबरोबरच व्यवसायात शिरण्याचे अडथळे कमी करण्याचाही मुद्दा होता. २०२६ पासून पूर्वग्रह आणि भेदभावविरोधी कायदे हा पाठही सक्तीचा झाला आहे.

इथे कुणीही विचारेल: संगणक क्षणात किंमत सांगतो, मग माणसं घडवायचीच कशाला? झिलो कंपनीचा 'झेस्टिमेट' २००६ पासून घराघराची अंदाजी किंमत दाखवतो. पण याच कंपनीने आपल्या आकडेमोडीच्या भरवशावर स्वतः घरं विकत घ्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, किमतींचा अंदाज बांधणं अपेक्षेपेक्षा फार बेभरवशाचं निघालं असं सांगून, तो धंदा गुंडाळला. एकसारख्या घरांच्या वसाहतीत यंत्र बरं चालतं. आतून कुजलेला जिना त्याला दिसत नाही.

तरीही सोपी घरं अप्रेझरच्या हातून निसटत आहेत. बँकांना ज्या रकमेपर्यंत घराचं पूर्ण मूल्यांकन सक्तीचं नाही ती मर्यादा २०१९ मध्ये अडीच लाखांवरून ४ लाख डॉलरवर गेली. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या, बँकांची घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्था अनेक कर्जांना मूल्यांकन माफच करतात. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सोपी घरं हीच तर नवख्याची आखाड्यातली माती होती. यंत्र शिडीच्या खालच्या पायऱ्या खात सुटलंय आणि उरलेली घरं अवघड आहेत: एकाकी, विचित्र, कॉम्प न मिळणारी. ज्याने सोपी शंभर घरं पाहिली नाहीत, त्याला थेट अशा घरापुढे उभं करायचं, अशी वेळ आली आहे.

नव्या पद्धतीत एक जण घरी जाऊन फक्त मोजमाप आणि फोटो घेतो आणि दुसरा टेबलाशी बसून मूल्य ठरवतो. काहींना त्यात उमेदवाराची नवी पहिली पायरी दिसते. मला वाटतं, ती पायरी ठरेल का हे एका गोष्टीवर अवलंबून आहे: फोटो घेऊन आलेल्याला नंतर कुणी सांगतं का, की तू आणलेल्या माहितीवरून आकडा असा ठरला. नाहीतर तो नुसता फोटो काढणारा राहील, आणि टेबलावरचा माणूस जन्मात घर न पाहिलेला.

कुणी वाट चोखाळू पाहत असेल तर एक बारीक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. उमेदवाराने अहवालात महत्त्वाची मदत केली आणि त्याची सही नसेल, तर 'युस्पॅप'प्रमाणे सही करणाऱ्याने त्याचं नाव अहवालात नमूद करावं लागतं. त्याने नेमकं काय केलं, हेही अहवालात यावं लागतं. सुपरवायझर घाईत ती ओळ गाळतात, उमेदवार भिडेपोटी बोलत नाही, आणि दोन वर्षांनी परवान्याचा अर्ज तपासणारा अधिकारी वहीतली नोंद आणि अहवाल शेजारी ठेवून विचारतो, यात तुम्ही कुठे आहात?